जड क्लचची तहकीकात करू इच्छिणाऱ्यांस सूचना

फोक्सवॅगन बीटल या वयोवृद्ध मोटारीचा क्लच जड झाला असता मालकाचे आद्य कर्तव्य हे की, त्याने आपल्या डाव्या पायाविषयी प्रतिकूल ग्रह करून घेऊ नये. घरातील मंडळी संधिवात, वार्धक्य आणि व्यायामाचा अभाव यांचे दाखले पुढे करतील. परंतु जो पाय परवापर्यंत हेच पेडल विनातक्रार दाबीत होता तो एकाएकी अपात्र ठरला, असे मानण्यास सबळ पुरावा हवा, आणि त्या कामी कुटुंबीयांची जबानी ग्राह्य धरू नये, असा आमचा स्पष्ट अभिप्राय आहे.

पेडललाही आरोपी समजू नये. ते केवळ फिर्यादी होय. इंजिन पृष्ठभागी आणि चालक अग्रभागी, अशी या गाडीची रचना असल्यामुळे पायाचा हुकूम एका पोलादी केबलद्वारे मधल्या बोगद्यातून मागे गिअरबॉक्सकडे रवाना होतो. २००३ च्या जुलैत मेक्सिकोतील पुएब्ला येथे शेवटची बीटल बाहेर पडेपर्यंत दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. पायाने दाबायच्या क्लचला केबल, ही वहिवाट मात्र मोडली नाही.

जडपणा कसा आला, हे प्रथम नोंदवावे. एकाएकी आला असल्यास केबलचे तंतू तुटून नळीत अडकल्याचा संशय घ्यावा. हळूहळू आला असल्यास वंगण सुकले असेल, किंवा डायफ्रॅम स्प्रिंगची प्रेशर प्लेट असेल तर क्लच प्लेट झिजत आल्याचीही ती खूण असू शकते. दुरुस्ती होऊन गाडी घरी येताच आला असल्यास प्रेशर प्लेट भलत्याच कडक स्प्रिंगची बसविली आहे काय, असे मिस्त्रीस विचारावे. तो “नवीन आहे, चालवून हलका होईल” अशी कैफियत देईल, ती दप्तरी दाखल करावी, परंतु मान्य करू नये.

मग स्थळपाहणी. बीटलची पेडले जमिनीतून वर उगवतात. म्हणून चटई दुमडून पेडलखाली गेली आहे काय, हे पाहण्यात मानहानी मानू नये. तेथे पावसाळ्याचे पाणी आणि चपलांचा चिखल यांचा मुक्काम असल्यास पेडलच्या दांड्याचे बुश गंजले असण्याचा संभव अधिक.

त्यानंतर गाडी पक्क्या टेकूंवर घेऊन मागील डाव्या चाकाजवळच्या क्लचच्या आर्मवरील पाकळीदार नट काढावा आणि केबलचे टोक एखाद्या विश्वासू भाच्याच्या हाती द्यावे. त्याने ते किंचित ताणून धरावे व कोणत्याही सबबीवर सोडू नये; कारण केबल ढिली पडल्यास तिचे पुढचे टोक पेडलच्या आकड्यावरून निसटते, आणि ते पुन्हा अडकविण्याकरिता बहुधा सबंध पेडलसंच उतरवावा लागतो. आता हाताने पेडल पुढेमागे हलवावे. तरीही ते जडच असेल, तर दोष पेडलपासून केबलपर्यंतच्या मुलखातला. हलके असेल, तर मागील महालातला.

बोगद्यातून बाहेर आल्यावर केबल जिच्यातून जाते त्या बाउडन नळीस अंदाजे २५ ते ४५ मिलिमीटर झोळ हवा. तो कमी पडल्यास क्लच घेताना गाडी थरथरते, जास्त झाल्यास केबल आत घासते. नळीच्या टोकाशी वायसर कमीअधिक करून तो बेतता येतो. पाकळीदार नट आवळून जडपणा जाईल, ही समजूत मात्र सर्वत्र आढळते व सर्वत्र चुकीची आहे. त्याने पेडलची १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल तेवढी नष्ट होते, आणि मग क्लच जडचा जड राहून वर घसरूही लागतो.

केबल निर्दोष सुटली, तर इंजिन उतरविण्यावाचून गत्यंतर नाही. ते गिअरबॉक्सला चारच बोल्टांनी जोडलेले असते. या वाक्यातील ‘च’ ज्यांनी लिहिला त्यांना वरचे बोल्ट कोठे दडले आहेत याची कल्पना नसावी. आत रिलीज बेअरिंग आणि त्यास ढकलणाऱ्या आडव्या दांड्याचे बुश यांची झडती घ्यावी. त्याच वेळी क्लच प्लेटही बदलून टाकावी. ती अजून काही काळ टिकेल, हे खरे. परंतु हाच पंचनामा पुन्हा करण्याइतका उत्साह मालकात किंवा भाच्यात शिल्लक राहील, याची हमी कोणी देऊ नये.