आधी कंदील सोडावा

पंढरपुरात राहून विठोबाला हात न जोडणारा माणूस जितका अवघड, तितकाच मिरजेत राहून डॉक्टरची पायरी न चढणारा. माझे मामा या दुसऱ्या जातीचे. मिरज जंक्शनवर उतरलेल्या माणसाला रिक्षावाला ‘कुठं जायचंय’ असं विचारत नाही, ‘कुणाला दाखवायचंय’ असं विचारतो. बेळगाव-विजापूरकडून एक आजारी आणि त्याच्यासोबत चार धडधाकट अशा हिशेबानं माणसं रोज या गावात उतरतात. दवाखान्यांच्या पाट्यांवर कन्नड अक्षरंही असतात. अशा गावात, ब्राह्मणपुरीतल्या वाड्याच्या ओसरीवर, मामा वर्षानुवर्षं ओवा भाजत बसले आहेत.

त्यांना डॉक्टर मुळीच मान्य नाहीत असं नाही. एक मान्य आहे. “डॉक्टर एकच झाला. वॉन्लेस.” सर विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली मिरजेत मिशनचं हॉस्पिटल उघडलं आणि मामांच्या आजोबांचा मोतीबिंदू म्हणे त्यांनीच काढला. 1928 साली वॉन्लेस निवृत्त होऊन परत गेले, आणि मामांच्या मते इथलं वैद्यकशास्त्र त्याच आगगाडीत बसून गेलं. मामांचा जन्म त्यानंतर पंधराएक वर्षांचा. पण श्रद्धेला जन्मतारीख कोण विचारतो? फारच वाद घातला तर ते अब्दुल करीम खाँसाहेबांना मध्ये आणतात. खाँसाहेबांना प्लेग झाला, ते मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन गायले आणि बरे झाले, ही गोष्ट मिरजेत आजही सांगतात. “कुठली गोळी घेतली होती त्यांनी? सांग की!”

मी म्हणतो, “मामा, तुम्हाला गाता कुठं येतं?”

“म्हणून तर काढा घेतो.”

मामांनी उभा जन्म सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडे दिवाणजी म्हणून काढला, हे समजल्याशिवाय माणूस समजत नाही. सौद्याला निघालेल्या हळदीचं हळकुंड कट्‌कन मोडून आतला रंग बघायचा आणि मगच भाव बोलायचा, या शिस्तीत त्यांची चाळीस वर्षं गेली. त्यामुळे वरून बघून निदान करणाऱ्या कुणावरही त्यांचा विश्वास नाही. त्यांच्या उमेदीच्या काळात हळद हरिपूरच्या पेवांत साठवायचे. पेव म्हणजे जमिनीखालची खोल कोठी. महिनोन्‌महिने बंद राहिलेलं पेव उघडलं की आत हवा कोंडलेली असते. म्हणून ते आधी उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही. मामांचं सगळं आरोग्यशास्त्र या कंदिलावर उभं आहे. “सर्दी झाली, आधी सुंठ. पोट दुखलं, आधी ओवा. कंदील सोडून बघायचा. हे डॉक्टर लोक पहिल्याच दणक्याला माणूसच उतरवतात!”

हळदीविषयी मात्र ते कुणाचंही ऐकत नाहीत, आणि का ऐकावं? घशाला हळद-दूध सुचवणारे सल्लागार गल्लोगल्ली आहेत. मामा आधी विचारतात, हळद कुठली? पुडीतली पिवळीजर्द असेल तर दूध नुसतं प्या म्हणतात, कारण हळकुंडाला पॉलिश करताना काय काय रंग चोळतात ते त्यांनी जवळून बघितलं आहे. राजापुरी हळकुंडं स्वतः निवडून, मामींकडून कुटून घेतलेलीच हळद या घरात औषध म्हणून चालते. (कुटण्याचे कष्ट मामींचे आणि गुण मामांचा, अशी जुनी वाटणी आहे.)

या हळदीवरूनच मामा आयुष्यात एकदा निरुत्तर झाले. 1995 साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या नावानं, जखम भरून यायला हळद वापरण्याचं पेटंट निघालं, आणि डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या सीएसआयआरनं भांडून 1997 मध्ये ते रद्द करून घेतलं. हा विजय मामा घरचं लग्न असल्यासारखा सांगतात. एकदा सांगताना वरच्या मजल्यावरचा एक मेडिकलचा विद्यार्थी ऐकत होता. तो हळूच म्हणाला, “आण्णा, त्या लढ्यात जुन्या संस्कृत ग्रंथांबरोबर आणखी एक पुरावा दिला होता. 1953 सालचा, इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला लेख.”

म्हणजे आजीबाईंची हळद वाचवायला डॉक्टरांचंच मासिक कामी आलं. मामांनी पानाचा डबा उघडला, बंद केला. मग म्हणाले, “1953 सालचे डॉक्टर वेगळे होते.”

मामांचा दवाखाना म्हणजे माजघरातलं एक फडताळ. त्यात सुंठ, वेखंड, ज्येष्ठमध, मुरुडशेंग, बाळहिरडा, सागरगोटे, डिकेमाली आणि एका बाटलीत एरंडेल. त्या बाटलीच्या नुसत्या दर्शनानं आम्हा भाचरांचं पोट साफ व्हायचं. प्रत्येक बरणीवर दिवाणजी अक्षरात चिठ्ठी. शेजारी एक लाल कापडी बांधणीची वही असे, तीत आजारांची कीर्द. डाव्या बाजूला काय दिलं, उजव्या बाजूला काय गुण आला. माझ्या आठवीतल्या खोकल्यापुढे ‘येणे बाकी’ असा शेरा अजून आहे.

माझा घोटा मुरगळला तेव्हा त्यांनी बिब्बा घातला. बिब्ब्याचं तेल म्हणजे धोबी ज्यानं कपड्यांवर न पुसणारी खूण करत, तेच. सुईला टोचून दिव्यावर धरलेल्या बिब्ब्याचे दोन थेंब घोट्याला लागले आणि दुसऱ्या दिवशी तिथं लिंबाएवढा फोड. बिब्बा उतला होता. मी ओरडत होतो आणि मामा प्रसन्न होते. “उतला ना? म्हणजे लागला!” मुरगळा केव्हा बरा झाला ते मला कळलंच नाही, कारण फोडापुढे मुरगळ्याकडे लक्ष द्यायला सवडच मिळाली नाही. वहीत या नोंदीपुढे ‘पूर्ण गुण’ असं लिहिलेलं आहे.

मूतखड्याच्या वेळी तर त्यांचं पुरतं फावलं. स्वतःलाच झाला. मामींनी रोज तांब्याभर कुळथाचं कढण करून दिलं, पानफुटीची पानं चावायला दिली, आणि अकराव्या दिवशी खडा पडला. तो त्यांनी हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवला आहे. पाहुणा आला की चहाच्या आधी डबी येते. वरच्या विद्यार्थ्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, की एवढा बारीक खडा भरपूर पाणी प्यायलं की बहुतेक वेळा आपोआप पडतो.

“आणि पाणी कशात होतं?” मामा म्हणाले. “कढणातच ना?”

मामी मात्र तीस वर्षं रक्तदाबाची गोळी घेतात, अगदी मामांच्या नाकासमोर. “मला बाई गोळीच बरी,” त्या म्हणतात. “गोळी घेताना कुणी भाषण करत नाही.”

आता या वरच्या विद्यार्थ्यांविषयी सांगायला हवं. मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेज 1962 साली निघालं, आणि डॉक्टरांचं तोंड न बघणाऱ्या या माणसाचा वाडा गेली कित्येक वर्षं होऊ घातलेल्या डॉक्टरांच्या भाड्यावर चालतो. वरच्या तीन खोल्यांत सतत मेडिकलची मुलं. आणि मामांचं त्यांच्यावर निरतिशय प्रेम. परीक्षेच्या रात्री पोरांचं पोट बिघडलं की ओव्याची पुरचुंडी घेऊन हा ऐंशीचा गृहस्थ जिना चढतो. पोरं मुकाट्यानं घेतात. एक तर भाडं वेळेवर गेलेलं नसतं, आणि दुसरं म्हणजे बरंही वाटतं.

त्याच्या बदल्यात मामा त्यांना आपला हात देतात. “शिका लेकांनो.” नवा मुलगा आला, त्यानं रक्तदाबाचं यंत्र विकत घेतलं की पहिला दंड मामांचा. रोज संध्याकाळी कुणीतरी नाडी बघतं, कुणी डोळ्यांत बॅटरी मारतं, कुणी गुडघ्यावर हातोडी. डॉक्टरकडे न जाणारा हा माणूस मिरजेतला सर्वांत जास्त तपासला गेलेला माणूस असावा. आणि त्यांना सर्वांत आवडते ती हिस्टरी. विद्यार्थी वही घेऊन बसतो, पुस्तकात दिलेल्या क्रमानं विचारतो: भूक कशी, झोप कशी, धाप कधी लागते, किती पायऱ्यांवर लागते, वडील कशानं गेले, आई कशानं. चांगला पाऊण तास. मामा मांडी घालून, डोळे मिटून, एकेका प्रश्नाला न्याय देत उत्तरं देतात. वडिलांच्या शेवटच्या आजाराचं उत्तर देताना 1972 चा दुष्काळही येतो. मुलगा तेही लिहून घेतो.

पूर्वी फक्त एकदा, मामींच्या हट्टापायी, ते एका मोठ्या डॉक्टरकडे गेले होते. दोन तास बसले, आत तीन मिनिटं होते, आणि त्यातली दोन मिनिटं डॉक्टर फोनवर. “त्यानं मला वडिलांचं विचारलंच नाही,” मामा अजून सांगतात. एरवी डॉक्टरांना शिव्या घालणाऱ्या मामांचा आवाज या वाक्याला खाली येतो. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की भांडण सुंठ आणि गोळीचं नव्हतंच. वरची मुलं पास होऊन गेली, त्यांचे दवाखाने झाले, की मामा त्यांच्याही वाटेला जात नाहीत. “चांगला होता पोरगा. पास झाला नि बिघडला.”

गेल्या वर्षी अंतिम वर्षाच्या एका मुलीनं मामांच्या छातीला नळी लावली आणि तिचा चेहरा बदलला. तिनं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. “आण्णा, तुमच्या छातीत मर्मर आहे. ग्रेड थ्री.” मामी भिंतीला धरून खाली बसल्या. मामांनी विचारलं, “तीन म्हणजे चांगल्यात धरतात की हलक्यात?” हळदीला ग्रेड असते, तशी आपल्याही छातीला आहे याचा त्यांना आनंदच झाला. मुलीनं पुष्कळ समजावलं. झडपेचा दोष असू शकतो, इको काढायला हवा, चला. मामांनी अर्जुनसालीचा काढा वाढवला आणि विषय संपवला.

मग त्या मुलीनं डोकं चालवलं. मेडिकलच्या प्रॅक्टिकल परीक्षेला खरे रुग्ण ‘केस’ म्हणून बसवतात. तिनं तिच्या सरांना सांगितलं आणि मामांना येऊन म्हणाली, “आण्णा, परीक्षेला चांगला मर्मर मिळत नाहीये. मुलांची अडचण होतेय.”

मुलांची अडचण म्हटल्यावर काय राहिलं? परीक्षेच्या दिवशी मामा इस्त्रीचं धोतर, कोट, टोपी घालून तयार. बरोबर लाल वही. मी रिक्षा घेऊन गेलो होतो. कॉटवर टेकून ते दिवसभर परीक्षार्थींना हिस्टरी सांगत होते, आणि घाबरलेल्या एखाद्याला दंडाला धरून कुजबुजत होते, “झडप, झडप. ग्रेड थ्री. घाबरू नको.” एका मुलानं भरीत भर म्हणून परीक्षकांसमोर उपचारांत ज्येष्ठमध आणि अर्जुनसाल सांगितली, तेव्हा वॉर्डात हशा पिकला. मामांना हसण्याचं कारण समजलं नाही.

शेवटी परीक्षक स्वतः आले. बाहेरगावचे, पिकल्या केसांचे. खुर्ची ओढून बसले. “काय करत होता आजोबा?” तिथून सुरू झालं. हळद, पेव, कंदील, वडील. त्यांनी वही चाळली, खोकल्याची येणे बाकी वाचून हसले. मग नळी छातीला लावली आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. वॉर्ड चिडीचूप. “गुरुवारी इको काढून घ्या,” ते उठताना म्हणाले. “आधी कंदील सोडून बघू.”

परतताना रिक्षात मामा काही बोलले नाहीत. ब्राह्मणपुरीच्या वळणावर म्हणाले, “गुरुवारी हीच रिक्षा सांग.”

मी हो म्हणालो.

थोड्या वेळानं ते पुन्हा म्हणाले, “हा माणूस एकदा तरी नापास झालेला असणार.”