नोटा मोजणाऱ्या यंत्रास खुले पत्र

प्रिय यंत्रराव,

10 मार्च 2025 रोजी ईडीने (सक्तवसुली संचालनालयाने) आपल्याला भिलाई-3मध्ये छत्तीसगडचे काँग्रेसचे माजी मुख्यमंत्री भूपेश बघेल यांच्या घरी पाचारण केले. मोजणी संपेपर्यंत मत न देणारे त्या दिवशी आपण एकटेच, म्हणून हे पत्र आपल्याला. बाहेर घोषणांचा गदारोळ होता. ईडीच्या गाडीवर दगड पडल्याची तक्रारही झाली. आत आपण मोजलेत तीसएक लाख. बघेलांच्या हिशेबाने 33 लाख: शेतीचे, दुधाचे आणि घरातल्या बायकांचे स्त्रीधन. एका बाजूने लगेच ठरवले, रोकड सापडली म्हणजे चोर. दुसरीने ठरवले, एवढीच सापडली म्हणजे साव. आरोप मात्र 2,100 कोटींहून मोठ्या दारू घोटाळ्याचा आहे. एवढे घबाड कोणी कपाटात ठेवत नाही, आणि कपाटातली नोट दारूची की दुधाची हे आपल्यालाही कळत नाही. म्हणजे ज्या आकड्यातून काहीच सिद्ध होत नव्हते, त्यातून दोघांनी दोन निकाल काढले. जुलैत मुलगा चैतन्य यांना अटक झाली, तेव्हा आरोपपत्राची वाट न पाहता चार दिवसांत काँग्रेसने राज्यभर आर्थिक नाकेबंदी केली.

बघेलसमर्थक म्हणतील, ईडी विरोधकांच्याच दारात जाते. खरे आहे. सरकारनेच संसदेत सांगितले की दहा वर्षांत राजकारण्यांवर ईडीची 193 प्रकरणे आणि शिक्षा फक्त दोनांत. याच दारू प्रकरणातली ईडीची पहिली तक्रार सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024मध्ये रद्द केली. शिवाय मार्च 2016मध्ये ईडीनेच अटक केलेले राष्ट्रवादीचे छगन भुजबळ जुलै 2023मध्ये भाजपच्याच मांडीला मांडी लावून मंत्री झाले, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. पण यातून सिद्ध होते ते ईडीविषयी. पोलीस पक्षपाती असला म्हणून चोरी झालीच नाही, असे म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक रास्त: कोर्टाला वर्षे लागतात, तोवर लोकांनी तोंड शिवून बसायचे का? मुळीच नाही, पण प्रश्न तरी योग्य विचारावा. छत्तीसगडमध्ये 2017पासून दारूची दुकाने सरकारी आहेत. आरोप असा की 2019 ते 2022 या काळात बनावट होलोग्राम लावलेली देशी दारू त्याच दुकानांतून, त्याच गल्ल्यावर, हिशेबाबाहेर विकली गेली. तसे असेल तर गिऱ्हाइकाने पुरते पैसे मोजले आणि तिजोरीत दमडी पडली नाही. दुकानात आलेला माल, विकलेला माल आणि छापलेले होलोग्राम यांचा मेळ तेव्हा कोण घालत होते? हा प्रश्न ना घोषणा देणाऱ्यांनी विचारला, ना टाळ्या पिटणाऱ्यांनी. त्याचे उत्तर कुठल्या पक्षाला सोयीचे निघेल याची आधी खात्री नाही, म्हणूनच तो कोणाला सुचत नसावा.

तरी एक विनंती: आपल्या घराण्यात बाटल्या मोजणारे कोणी असल्यास उलट टपाली कळवावे. भाडे वर्गणी काढून देऊ, पावतीही मिळेल.

आपला,
एक भिलाईकर