थरथरीचा हिशेब

एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून ज्याने घाट उतरला आहे, त्याला देशात ऊर्जेचा तुटवडा आहे हे पटवून दाखवा. खिडकीची काच, पायाखालचा पत्रा, शेजारच्या काकांचं पोट, सगळं थरथरत असतं. एवढ्या हादऱ्यांवर निदान मोबाइल तरी चार्ज व्हावा, असं मला कित्येक वर्षं वाटत आलंय.

कल्पना जुनीच. १८८० साली जॅक आणि पिएर क्युरी या भावांनी काही स्फटिक दाबून पाहिले, तर त्यांच्यावर विद्युतभार उमटला. पिएर तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा. मारी अजून त्याच्या आयुष्यात यायची होती. त्या स्फटिकांत क्वार्ट्झ होतं, तुर्मली होती आणि चक्क उसाची साखरही होती. (आपल्याकडे साखर दाबून ठेवली की वेगळीच ऊर्जा निर्माण होते, पण तो विषय सहकाराचा.)

हे वीजनिर्मिती केंद्र तुमच्या ओट्यावरही आहे. गॅसच्या लायटरचा खटका दाबला की आतली हातोडी खड्यावर आपटते, काही हजार व्होल्ट तयार होतात आणि ठिणगी पडते. व्होल्ट ऐकून घाबरू नका. हा बडेजाव आहे, ऐवज नाही; त्यातली ऊर्जा अगदीच चिमूटभर.

मग एसटीचं घोडं अडतं कुठे? थरथरीतून वीज काढणारी पट्टी सतारीच्या तरफेच्या तारेसारखी असते: तिचा स्वर लागला तरच ती झंकारते. आणि आपला रस्ता कधी एका स्वरात गायलाय? खड्ड्याखड्ड्याला राग बदलतो. म्हणून ही पट्टी शोभते ती एका लयीत घुमणाऱ्या मोटारीवर. तिथे एखादा छोटा सेन्सर ती सेलशिवाय चालवते.

तरी मी हट्टाने पायांचा हिशेब मांडला: पाऊल पडलं की दबून वीज देणारी फरशी धरून. वजन साठ किलो. पावलागणिक फरशी पाच मिलिमीटर दबली, तर मिळणार सुमारे तीन ज्यूल. दहा वॉटचा दिवा त्यावर सेकंदाचा तिसरा हिस्सा जळेल. मोबाइलची पंधरा वॉट-तासांची बॅटरी भरायला अठरा हजार पावलं लागतील, तीही सगळी गळती शून्य धरून.

हिशेब संपला तेव्हा मोबाइल तीन टक्क्यांवर होता. उठून भिंतीतल्या प्लगला लावला.