राजापूर खंय गेला?

गडग्यावर सोलं वाळत घालता घालता माईंनी मतदानाची चिठ्ठी माझ्यापुढे धरली. चष्मा आत राहिला होता.

"वाच गो. राजापूर लिवलेला असा?"

"माई, राजापूर लोकसभा २००८ च्या फेररचनेत गेली. आता रत्नागिरी-सिंधुदुर्ग."

"दर निवडणुकीक तू ह्यांच सांगतंस," माई म्हणाल्या. "राजापूरची गंगा गेली तरी परत येतां. ह्यो मतदारसंघ काय येणा नाय."

तसं राजापूर नावालाच. तिथले खासदार नाथ पै वेंगुर्ल्याचे. १९५७ पासून तीनदा निवडून आले आणि १९७१ च्या जानेवारीत, निवडणूक तोंडावर असताना गेले. मग मधु दंडवते. जन्म अहमदनगरचा, पण कोकणाने त्यांना ओळीने पाच वेळा दिल्लीला धाडलं.

"रेल्वेमंत्री झाले ना ७७ साली!" माईंनी हातातलं सोल तसंच धरून ठेवलं. "दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकार फोम घातल्यानी. सगळ्या देशाचा ढुंगण मऊ केल्यानी. आणि आमी? एस्टीत. मुंबय गाठीसर हाडां खिळखिळी! हय रूळ खंय होते तेवा?"

रुळांचं काम सुरू झालं १९९० मध्ये. आणि १९९१ ला दंडवतेच पडले, काँग्रेसचे सुधीर सावंत आले.

"तुम्ही कुणाला दिलं होतंत हो मत, माई?"

माई सोलं उलटू लागल्या. उलटलेलीच पुन्हा उलटली.

"मगे प्रभू इले," थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या.

सुरेश प्रभू, १९९६ पासून चार वेळा. २००९ ला नव्या नावाच्या मतदारसंघात नीलेश राणेंनी त्यांना हरवलं. पुढे २०१४ ला प्रभूही रेल्वेमंत्री झाले. म्हणजे बघा, राजापूरच्या खासदारांपैकी दोघं रेल्वेमंत्री: एक झाला तेव्हा दारात गाडी नव्हती, दुसरा झाला तेव्हा मतदारसंघच नव्हता! मी हे मोठ्या ऐटीत सांगितलं. माई हसल्या नाहीत. वेंगुर्ले नि मालवण या विधानसभाही त्याच फेररचनेत गेल्या, हे मग मी बोललेच नाही.

"ता ऱ्हवांदे. मतदान खंय असा?"

"शाळेत."

"तीच शाळा मा?"

"तीच."

"मगे झाला," म्हणत माईंनी चिठ्ठी कमरेला खोचली आणि कावळ्यावर खेकसल्या.