सीतेला झटका, रावण मोकळा

अमेरिकेतल्या उपनगरात घर घेतलं की अंगण मिळतं, कुंपण मिळेलच असं नाही. आमच्या न्यू जर्सीतल्या वसाहतीच्या कमिटीला पुढच्या अंगणात साधी जाळीसुद्धा खपत नाही. शोभा जाते म्हणे. म्हणून इथे कुंपण जमिनीत पुरतात. रिचर्ड पेक नावाच्या गृहस्थांनी १९७३ साली त्याचं पेटंट मिळवलं. अंगणाभोवती तार पुरायची, ती गॅरेजमधल्या खोक्याला जोडायची आणि कुत्र्याच्या गळ्यात पट्टा बांधायचा. कुत्रा तारेजवळ गेला की पट्टा आधी पीं-पीं करतो. तरी पुढे सरकला, तर मानेला झटका.

लॅब्राडॉरसारख्या धिप्पाड गड्यांचं यावर झकास चालतं. आमचा वाघ्या चिवावा आहे. वजन पाच पौंड, म्हणजे ओला असताना सव्वादोन किलो.

पहिल्या पट्ट्यावर ‘आठ पौंडांखालच्या कुत्र्यांसाठी नाही’ असं स्वच्छ छापलेलं होतं. उलट अमेरिकन केनेल क्लबच्या मते चिवावानं सहा पौंडांच्या वर जाता कामा नये. म्हणजे पट्टा घालायचा तर आधी जातीबाहेर पडायचं! “पाच पौंडांपासून चालणारा लहान पट्टाही आहे,” कुंपणवाला म्हणाला. पण तोवर सांगलीहून आलेल्या आमच्या मातोश्रींनी वाघ्याला तूप-भात सुरू केला होता.

लहान पट्टा आला. लहान म्हणजे त्यांच्या मते. आतले दोन धातूचे खुंट कातडीला टेकायला हवेत, म्हणून गळ्यावरचे केस भादरले. डबी हनुवटीखाली अशी बसली की वाघ्याला खाली बघताच येईना. तो आढ्याकडे बघत फिरायचा आणि खुर्च्यांच्या पायांवर आपटायचा. हद्द कळावी म्हणून अंगणाच्या कडेनं छोटी निशाणं रोवली होती. पीं-पीं चालू असतानाच त्यानं एकेका निशाणापाशी तंगडी वर करून सातबारा आपल्या नावावर करून घेतला.

मग खार दिसली. खारीपुढे पीं-पीं काय आणि झटका काय! एक किंकाळी फोडून साहेब रस्त्यापार. परत यायला मात्र तयार नाहीत, कारण झटका आत येतानाही बसतो. शेवटी पट्टा उतरवला आणि काखोटीला मारून आणलं.

आईनं हे सगळं पायरीवरून पाहिलं. “अरे, लक्ष्मणरेषेनं निदान रावणाला तरी अडवलं होतं. इथे सीतेला झटके, आणि रावणाच्या गळ्यात पट्टाच नाही!”

खोटं काय त्यात? समोरच्या मेपलवर बसणाऱ्या लाल शेपटीच्या ससाण्याला आमच्या तारेचा पत्ताही नव्हता, आणि कायोटी आला असता तर त्यालाही नसता. दोघांच्याही हिशेबी वाघ्या म्हणजे एका वेळचं जेवण, तेही आता साजूक तुपातलं.

हल्ली आई बाहेर मेथी निवडायला बसते तेव्हा परकराच्या जुन्या नाडीचं एक टोक वाघ्याच्या गळ्यात आणि दुसरं तिच्या पायाच्या अंगठ्याला असतं. ससाणा दिसला की ती जुडी उगारते. परवा पट्ट्याची बॅटरी बदलायची आठवण करायला कुंपणवाल्याचा फोन आला, तो तिनंच घेतला. तिचं इंग्रजी आणि त्याचं मराठी तोडीस तोड असल्यामुळे विषय लगेच मिटला.