कव्हय जाशात?

खानदेशातल्या कुठल्याही गल्लीत उभं राहून पाहा, दर चारपाच घरांआड एक घर कुलूपबंद दिसेल. रंग मात्र शेजाऱ्यांपेक्षा ताजा. ओट्याला टाइल्स, दाराला ग्रील, गच्चीवर पाण्याची काळी टाकी आणि कपाळावर 'मातृछाया' नाहीतर 'आप्पांचा आशीर्वाद'. सुरतला, पुण्याला, नाशिकला किंवा थेट न्यू जर्सीला राहणाऱ्या मुलानं हे घर बांधलेलं असतं. दिवाळीचे चार दिवस, मे महिन्यातला एखादा आठवडा आणि भाऊबंदकीतलं एखादं लग्न, एवढ्यापुरतं ते उघडतं. गोव्यात असल्या घराला हॉलिडे होम म्हणतात आणि त्याची देखभाल करायला एजन्सी असते. आमच्याकडे त्याला 'गावाकडचं घर' म्हणतात आणि चावी चुलत भावाकडे असते.

असं एक घर आमचंही आहे, पारोळा तालुक्यात, जळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेच्या कडेला. तिथे पोचलं की गाव दोन प्रश्न विचारतं. पहिला, "कव्हय उनात?" म्हणजे कधी आलात. दुसरा त्याच श्वासात, "कव्हय जाशात?" शहरातल्या माणसाला दुसरा प्रश्न टोचतो. अजून पाय धुतले नाहीत तोच जाण्याची चौकशी! पण त्यात आकस काही नसतो. भाकरी किती दिवस थापायच्या, मोटारसायकल किती दिवस द्यावी लागेल, चावी परत केव्हा मिळेल, हा सगळा हिशेब त्या एका उत्तरावर असतो. आम्हीही तयारीत असतो. "रविवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं," असं सांगून टाकतो. गाव निश्चिंत होतं आणि आपणही. मग वांग्याच्या भरताची तारीफ, निंबाच्या सावलीतली झोप आणि 'रिटायर झाल्यावर इथंच येऊन राहणार' ही घोषणा, सगळं मोकळेपणानं करता येतं. खिशात परतीचं तिकीट असलं की गावाइतकं गोड काही नाही.

मार्च २०२० मध्ये हे तिकीट गेलं. ९ मार्चला राज्यातले पहिले कोरोना रुग्ण पुण्यात सापडले आणि पुण्याचा पत्ता सांगायची एकाएकी चोरी झाली. शाळा, ऑफिसं बंद होऊ लागली तशी ज्यांची ज्यांची गावाला घरं होती त्यांना गावाची ओढ लागली. आम्हीही 'आठवडाभर हवापालट' म्हणून निघालो. २२ तारखेला जनता कर्फ्यू लागला, रेल्वेगाड्या थांबल्या. २३ ला राज्य सरकारनं जिल्ह्यांच्या सीमा बंद केल्या. २४ च्या रात्री पंतप्रधानांनी एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. गल्लीनं गुढ्या उभारल्या आणि आमच्याकडे पाहिलं. दुसऱ्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

एरवी 'पुण्याचे पाहुणे' या शब्दांत केवढी ऐट असायची. तेच शब्द आता गल्लीच्या पलीकडच्या कडेवरून आणि तोंडाला उपरण्याचं टोक लावून उच्चारले जाऊ लागले. आशाताई आल्या, सगळ्यांची नावं वहीत लिहिली, ताप-खोकल्याची चौकशी केली आणि चौदा दिवस उंबरा ओलांडायचा नाही म्हणून बजावलं. भाकऱ्यांची दुरडी ओट्याच्या कडेला ठेवून, कडी वाजवून, वहिनी मागल्या पावली पळत. खानदेशात पाहुण्याला इतक्या लांबून जेवू घालायची वेळ पूर्वी कधी आली नसेल.

खरी गंमत घराच्या आत होती. कारण घर रिकामं नव्हतं. जिभाऊंनी, म्हणजे आमच्या थोरल्या चुलत भावानं, पुढच्या खोलीत कापूस भरून ठेवला होता. खिडकीच्या गजांपर्यंत पांढरी गंजी. यात गैर काहीच नाही. वर्षातले पन्नास आठवडे ते घर त्यांचं गोदाम असतं, आम्ही आलो की ते बिचारे माल हलवतात. या वेळी हलवायला जागाही नव्हती आणि वाहनही. हमीभाव ५,५५० रुपये क्विंटल, खासगी व्यापारी त्याहून बराच खाली मागत होता, जिनिंग बंद आणि सीसीआयची, म्हणजे कापूस महामंडळाची, खरेदीही बंद. खानदेश-विदर्भात त्या उन्हाळ्यात हजारो शेतकऱ्यांच्या घरात असाच कापूस पडून होता आणि माणसं त्याच्या कडेनं अंग चोरून झोपत होती. आम्हीही झोपलो. आधी मुलांनी त्यात उड्या मारल्या. तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली. सरकीचा तो कोंदट तेलकट वास कपड्यांत बसला, चहातही येऊ लागला. एप्रिलच्या अखेरीस खरेदी सुरू झाल्याची बातमी आली, पण बाजार समितीत नाव नोंदवायचं, नंबर लावायचा, दिवसाला मोजक्याच गाड्या. जिभाऊ रोज ओट्यावरून परिस्थिती समजावत. एकदा म्हणाले, "मार्केट उघडनं का तुम्ही बी जाशात आनि कापूस बी जाई." एकाच वाक्यात दोन्ही अडकलेल्या मालांचा निकाल.

आमच्या गावाला बाजार जवळचा तो धुळ्याचा. डॉक्टर, बियाणं, चष्मा, कोर्टकचेरी, सगळं धुळ्याला. सही-शिक्क्यापुरतं मात्र जळगाव. १९०६ मध्ये इंग्रजांनी खानदेशाचे दोन तुकडे केले, पूर्व खानदेशला जळगाव आणि पश्चिम खानदेशला धुळे. ही फाळणी आमच्या गावानं शंभर वर्षांत कधी मनावर घेतली नव्हती. ती पोलिसांनी मनावर घ्यायला लावली. रस्त्यावर लाकडी आडवण, एक तंबू आणि उन्हात रापलेले दोन शिपाई. पलीकडे धुळे जिल्हा, म्हणजे परदेश. आमच्या एका काकांचं शेत अलीकडे आणि विहिरीची मोटर दुरुस्त करणारा पलीकडे. दोघंही आडवणापाशी आले आणि एकानं दोन बोटांनी दाखवत, दुसऱ्यानं अलीकडून ओरडत स्टार्टर दुरुस्त केला. शिपायांनीही त्यात दोन सूचना केल्या.

मुलाचं ऑफिस 'घरून' सुरू झालं. नेटवर्क घरात येत नव्हतं, ते फक्त जिभाऊंच्या जुन्या मातीच्या धाब्यावर येई. नियम धाब्यावर बसवलेले आपण नेहमीच पाहतो, इथे अख्खी बहुराष्ट्रीय कंपनी धाब्यावर बसली. आणि नेमका तोच वाळवणाचा मोसम. खाटांवर धोतरं पसरून त्यावर ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड, कुरड्या. लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेल्या पोराला वहिनींनी पहिल्याच दिवशी हातात काठी दिली, "बसलाच आहेस तर कावळे हाक." अमेरिकेतल्या साहेबाला मधूनच 'हाड, हाड' ऐकू येई. त्यानं एकदा नम्रपणे विचारलं, तेव्हा पोरानं सांगितलं की इथे सुरक्षेची जबाबदारीही माझ्याकडे आहे. ऊन चव्वेचाळीसच्या पुढे गेलं तशी मीटिंग पहाटे आणि रात्री भरू लागली. कंपनीला वाटलं माणूस फार मेहनती आहे.

टीव्हीवर २८ मार्चपासून रामायण पुन्हा सुरू झालं होतं. कोंडलेल्या माणसांनी वेळ कसा घालवावा याचा आदर्श मात्र आमच्यापासून तीसेक किलोमीटरवर, धुळ्याच्या तुरुंगात होता. १९३२ साली तिथे विनोबा होते, सानेगुरुजी होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार विनोबा गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले, सानेगुरुजींनी ते लिहून घेतलं आणि त्यातून 'गीता प्रवचने' झालं. धुळ्याचा उन्हाळा तेव्हाही धुळ्याचाच असणार. मी ही गोष्ट एका रविवारी ओट्यावर मोठ्या उत्साहानं सांगितली. आपणही दर रविवारी काहीतरी वाचू असं ठरलं. पहिल्या रविवारी सगळे जमले. दुसऱ्या रविवारी वाचनाआधी पत्त्यांचा एक डाव झाला. तिसऱ्या रविवारी फक्त डाव झाला. विनोबांना एक सोय होती, त्यांच्या श्रोत्यांना उठून जाता येत नव्हतं.

२६ एप्रिलला आखाजी आली. देशावरच्या वाचकांना अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं आणि आमरस. खानदेशात तो सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पितरांसाठी घागर भरतात, वर डांगर ठेवतात. सालदाराचं साल याच दिवशी संपतं आणि नवं ठरतं. आम्ही नोकरदार मुलगे आखाजीला कधी फिरकत नाही, सुटी नसते. त्या वर्षी उलट झालं. ज्यांच्यासाठी सण त्या लेकी नाशिकला, मालेगावला, जळगावला अडकलेल्या, आणि ज्यांचं काही काम नाही असे सगळे मुलगे घरात हजर. झोका बांधला, पण त्यावर बसणार कोण? शेवटी साठीच्या पुढचे तिघे भाऊ आळीपाळीनं बसले. फांदी करकरली. मोठी माय दारातून बघत होती. ती म्हणाली, "पोरी असत्या तर गाणं तरी म्हणाल्या असत्या." आम्हाला गाणी येत नव्हती. माहेर हे ज्यांना मनापासून लागतं त्यांना ते मिळालं नाही, आणि आम्हाला ते वरातीतल्या जेवणासारखं फुकट पानात पडलं होतं.

गावाजवळूनच सुरतेहून येणारा महामार्ग जातो. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात अर्धा खानदेश राहतो. माग बंद पडल्यावर तिथली माणसं निघाली, काही ट्रकमध्ये, काही टेम्पोत, काही चालत. त्यात आमचे भाऊबंदही होते. मे महिन्यात आलेल्यांना गावानं सरळ घरी जाऊ दिलं नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवलं. एक पन्नाशीचा पुतण्या चौथीच्या वर्गात, पाढ्यांच्या तक्त्याखाली सतरंजी टाकून राहिला. ज्या वर्गातून तो पळून सुरतेला गेला, त्याच वर्गात कोंडला गेला. जुने मास्तर खिडकीबाहेरून त्याला सतरा सक विचारून गेले.

हे हसण्यावारी नेता आलं, कारण तो घरी पोचला होता. धुळ्याला दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. दुसऱ्या रस्त्यानं, मुंबईहून आग्र्याकडे, शिरपूरवरून बिजासनी घाटाकडे माणसांची रांग लागलेली होती. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. रस्त्याकाठच्या गावांनी पाण्याचे माठ ठेवले, खिचडी शिजवली, चपला वाटल्या. आणि ८ मे च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातली ती माणसं, निघाली होती भुसावळला. तिथून घरची गाडी मिळेल अशी आशा होती. भुसावळ स्टेशनावर आम्ही आयुष्यभर 'गाडी लेट आहे' म्हणून चिडलो. त्या दिवसानंतर आमच्या ओट्यावर कापसाच्या वासाची तक्रार कुणी केली नाही.

जूनमध्ये पाऊस झाला, जिभाऊंचा नंबर लागला आणि कापूस गेला. आम्ही मात्र होतोच. पण एव्हाना काहीतरी बदललं होतं. सुरुवातीला कुणाच्या ओट्यावर गेलो की आतून प्लास्टिकची खुर्ची यायची आणि आधी फडक्यानं पुसली जायची. आता कुणी खुर्ची आणत नव्हतं. "बठा" म्हणत आणि सरकून जागा देत. नळाला आठवड्यानं पाणी येतं त्या पहाटे आम्हाला उठवायला कुणी येत नव्हतं, आमची बादली आम्हीच रांगेत लावत होतो. सौभाग्यवतींना कळण्याची भाकरी जमू लागली आणि भांडणही. वाळवणाच्या जागेवरून पहिलं भांडण झालं त्या दिवशी मला आपण इथले झालो असं वाटलं. पाहुण्याशी कुणी भांडत नाही.

३० जूनला मुक्ताईनगरच्या संत मुक्ताईची पालखी पंढरपूरला पोचली, ती एसटी बसमधून, मोजक्या वारकऱ्यांसह. एरवी महिनाभर पायी चालणारी, लांबून येणारी ही पालखी. मुक्ताई बसनं गेली, मग आपणही जायला हरकत नाही, असं म्हणून मी ई-पासचा अर्ज भरायला बसलो. त्यात कारण विचारलं होतं. मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'स्वतःच्या घरी अडकलो आहे, स्वतःच्या घरी जायचे आहे.' अर्ज नामंजूर झाला. मग मुलानं नीट शब्दांत भरला आणि पास मिळाला. निघताना गल्ली जमली, पण या वेळी 'कव्हय जाशात' विचारायची गरज नव्हती. सगळे निंबाकडे बघत हवापाण्याचं बोलले.

बंदी उठल्यावर गावचा हरिनाम सप्ताह पुन्हा सुरू झाला. वर्गणीच्या दोन याद्या असतात, 'गावातले' आणि 'बाहेरगावचे'. बाहेरगावच्यांचा दर मोठा, कारण तिकडे पगार असतो. मी फोन करून जिभाऊंना सांगितलं की एवढा उन्हाळा काढला, कापसात झोपलो, आता आमचं नाव गावातल्यांत घाला. विषय समितीपुढे गेला. बरीच चर्चा झाली म्हणे. निकाल आला. मागणी मान्य. पावतीवर नाव गावातल्यांच्या यादीत, रक्कम बाहेरगावच्या दरानं. मी घासाघीस केली नाही.