आप्पांचं उघडं डोकं

घाटनांदूरला स्टेशनाकडून गावात शिरलं की हॉटेलापुढच्या बाकावर एक आप्पा हमखास भेटतात. ते उठून गेले तर दुसरे येऊन बसतात, कारण आप्पा हा माणूस नसून नमुना आहे. शेजारी स्टँडवर जुनी काळी सायकल. सीटला प्लास्टिकची पिशवी, दुधाच्या किटलीला झाकण, झाकणाखाली फडकं, वरून ट्यूबच्या रबराचा वेढा. मोबाइलसुद्धा कव्हरात. उघडं काय ते आप्पांचं डोकं. उन्हाळ्यात फार तर रुमाल.

लातूरहून भाचा सायकल मारत आला, तो हेल्मेट घालून. आप्पांनी ते हातात घेतलं आणि बाजारात बैलाचे दात बघावेत तसं आतून तपासलं.

"कायला रे एवढी भोकं? ऊन आत, पाऊस आत. मग भाईर राहिलं काय?"

कायदा आप्पांना पाठ. "मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२९. मोटारसायकलीला हाय. सायकलीला कुठं लिवलंय, दाखव." तसं कुठं लिहिलेलं नाही. दंड नाही तिथं धोका नाही, हे आप्पांचं स्वतःचं पोटकलम. पुण्यातल्या एवढ्या शिकलेल्या लोकांनी २०१९ साली दुचाकीवरच्या हेल्मेटसक्तीला विरोध केला, हा वरचा पुरावा.

"अन् सायकल पळती किती?"

भाचा सायन्सचा. म्हणाला, पडायला वेग लागत नाही, उंची पुरते. दीड मीटरवरून डोकं खाली आलं तर जमिनीला टेकताना ताशी वीसेक किलोमीटरचा वेग असतो, मग सायकल जागेवर उभी का असेना. हेल्मेटातला थर्माकोल तो दणका खाऊन चेपतो, म्हणून डोक्याला कमी बसतो. जोरात आपटलेलं हेल्मेट मात्र पुन्हा वापरायचं नाही.

"म्हंजे एकदाच चालतं?" आप्पा हबकले.

"डोकंही एकदाच चालतं, मामा."

आप्पांनी ट्रॅक्टर काढला. उसाच्या दोन ट्रॉल्या अंगावर आल्यावर हे टोपडं काय करणार? मुद्दा खरा होता. पण आप्पा आजवर जेवढ्या वेळा पडले, ते ट्रॉलीखाली नव्हे, अंधारात तिला वाट देताना साइडपट्टीच्या मुरमात.

शेवटी आप्पा नम्र झाले. "तुमच्या डोक्यात शिक्षण हाय, जपा. आमच्यात काय हाय?"

काय नाही? कुणाचा बांध कुणी किती सरकवला, कोणत्या विहिरीत कुणाचा किती हिस्सा, कोणत्या सोयरिकीत काय ठरलं होतं, सगळं त्याच डोक्यात. भांडण लागलं की लोक कागदाआधी आप्पांना बोलावतात. भाच्याने हे सांगताच आप्पांची मान ताठ झाली.

"मग हे सरकारी दप्तर झालं की! हेल्मेट तलाठ्यानंच द्यायला पायजे. अर्ज लिव."